उताऱ्यावर नसलेली माणसं

भिडे वाडा पाडला त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. शिवाजी रस्त्यावर, दगडूशेठच्या समोर, मी मुद्दाम जाऊन उभी राहिले होते. डिसेंबर २०२३च्या सुरुवातीला एका रात्रीत वाडा जमीनदोस्त झाला होता आणि आता पत्र्याच्या आडून राडारोडा तेवढा दिसत होता. हवेत जुन्या भिंतीचा वास होता. पेठांत वाढलेल्या माणसाला हा वास लगेच ओळखू येतो. पांढरी माती, चुना, भिजून वाळलेलं लाकूड, आणि त्याच्या तळाशी कुठेतरी घुशींनी उकरलेल्या जोत्याचा ओलसरपणा. दर्शन आटपून बाहेर पडणारी माणसं घटकाभर थांबत, बघत आणि पुढे जात. माझ्या शेजारी साठीपुढचे एक गृहस्थ उभे होते, हातात नारळाची पिशवी. "झालं एकदाचं," ते माझ्याकडे न बघता मलाच म्हणाले. मीही मान डोलावली. मग ते म्हणाले, "भाडेकरू म्हणजे वाड्याला लागलेली वाळवी. आतून खातात आणि वर हक्क सांगतात."

मी काही बोलले नाही. मलाही आनंदच झाला होता. सावित्रीबाईंची शाळा जिथे भरली ती जागा शहराच्या हातात यावी, तिथे स्मारक व्हावं, असं कितीतरी वर्षं वाटत होतं. वाड्यातल्या दुकानदारांशी महापालिकेचा दावा उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा प्रत्येक तारखेची बातमी मी वाचत होते. निकाल योग्य झाला असं तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. पण मी स्वतः भाडेकरूची मुलगी आहे. शनिवार पेठेतल्या एका वाड्यात, दुसऱ्याच्या छपराखाली, दुसऱ्याच्या आडाचं पाणी पिऊन वाढलेली. वाळवी हा शब्द घरापर्यंत माझ्याबरोबर आला. रात्री जेवताना आला, झोपतानाही होता.

आमचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर होतं. दिंडीतून वाकून आत शिरलं की देवडी, मग फरसबंदी चौक, चौकाच्या कोपऱ्यात आड आणि आडाशेजारी महापालिकेचा नळ. आड पेशवाईतला, नळ इंग्रजांच्या काळातला, आणि दोन्हीवरची भांडणं आमच्या काळातली. जिना इतका अरुंद आणि उभा की गादी वर न्यायची तर दोर लावून सज्जातून ओढून घ्यावी लागे. दोन खोल्या, वर कडीपाट, भिंतीत कोनाडे. भिंती एवढ्या जाड की खिडकीत मांडी घालून अभ्यास करता यायचा. उन्हाळ्यात दुपारी त्या खिडकीतला दगड गार लागायचा. पावसाळ्यात कौलं गळायची आणि आई पातेली, तपेली, शेवटी पोळ्यांचा डबासुद्धा ठिकठिकाणी मांडायची. प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा. संडास मागे परसात, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक, आणि रात्री तिकडे जायचं म्हणजे कंदील आणि सोबत दोन्ही लागे. हे लिहिताना गोड वाटतंय, पण माझ्या आईला त्यात काही गोड वाटलेलं नाही. तिच्या गुडघ्यांनी तो जिना अजून लक्षात ठेवला आहे.

भाडं अठरा रुपये होतं. ते वर्षानुवर्षं अठराच राहिलं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० सालच्या पातळीला बांधून टाकली होती. युद्धाच्या आणि फाळणीच्या काळात माणसं रस्त्यावर येऊ नयेत म्हणून केलेला तो कायदा पुढची पन्नासहून अधिक वर्षं मुदतवाढ मिळवत चालू राहिला. नवा कायदा लागू झाला तो २०००च्या मार्चअखेरीस, आणि त्यानेसुद्धा वाढ दिली ती वर्षाला चार टक्के. अठरा रुपयांत कौलं शाकारून होत नाहीत. मालक दुरुस्ती करेना, आणि दुसऱ्याच्या भिंतीला आपण पैसे का घालायचे म्हणून भाडेकरूही करेनात. आमचे मालक मागच्या चौकात राहायचे. त्यांचंही छप्पर आमच्याइतकंच गळायचं, हे मला फार उशिरा कळलं, त्यांच्या सुनेने एकदा पावसात आईकडे पातेलं मागितलं तेव्हा. पुढे त्यांनी भाडं घ्यायचंच बंद केलं. बाबा मनीऑर्डर करायचे, 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ती परत यायची, आणि बाबा ती पावती एका जुन्या चहाच्या डब्यात जपून ठेवायचे. कोर्टात दाखवायला. त्याच मालकांच्या घरी आम्ही संक्रांतीला तिळगूळ द्यायला जायचो आणि त्या पुडीबद्दल कुणी कधी नकार दिला नाही.

वाळवी कोण आणि खांब कोण, हे मला त्या वाड्यात राहूनसुद्धा ठरवता आलेलं नाही.

भिडे वाड्याचा विचार करताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. त्या वाड्याला भिड्यांचं नाव आहे, आणि ते असायलाच हवं. १८४८ साली बुधवार पेठेत, जुन्या पुण्याच्या ऐन मध्यात, तात्यासाहेब भिड्यांनी मुलींच्या शाळेला आपल्या घरात जागा दिली. आज ते सोपं वाटतं. शेजारपाजार, जातभाई, सोयरे, सगळ्यांच्या नजरेसमोर ती दिंडी रोज सकाळी उघडी ठेवायची म्हणजे केवढं धाडस! पण त्या वाड्याला अर्थ दिला तो तिथे न राहणाऱ्या, तिथल्या कुठल्याच कागदावर मालक म्हणून नसलेल्या माणसांनी. एक विशीतला तरुण, त्याची सतराअठरा वर्षांची बायको आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली. पहिल्या सहा जणींची नावं सांगितली जातात. अन्नपूर्णा जोशी, सुमती मोकाशी, दुर्गा देशमुख, माधवी थत्ते, सोनू पवार, जनी कर्डिले. वयं चार ते सहा. चौघी ब्राह्मणांच्या, एक मराठ्याची, एक धनगराची. ही नावं मी मोठ्याने वाचते तेव्हा हजेरी घेतल्यासारखं वाटतं आणि दर वेळी सोनू आणि जनी या दोन नावांपाशी आवाज मऊ होतो. बाकीची नावं देवघरातली, ही दोन घरात हाक मारायची. कोणीतरी मास्तरीणबाईंना तसंच सांगितलं असणार, 'हिला जनी म्हणतात.'

या मुलींचा पुढचा माग लागणं अवघडच. त्या काळात मुलीचं लग्न आठनऊ वर्षांत होई आणि सासरी गेल्यावर आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही बदले. अन्नपूर्णा जोशी ही दहा वर्षांची होईपर्यंत कुणी लक्ष्मी किंवा राधा झालेली असणार, दुसऱ्याच पेठेत, दुसऱ्याच कुठल्या वाड्यात. तिथे तिने चोरून काही वाचलं असेल का? माजघरात, दिव्याशी, सगळे झोपल्यावर? मला तसं वाटायला आवडतं. पुण्यातल्या कुठल्या तरी पाडलेल्या वाड्याच्या कोनाड्यात काजळीने लिहिलेलं एखादं अक्षर असेलही, पण आपण आधी पाडतो आणि भिंत बघायला नंतर जातो.

आणि शाळा तरी तिथे कुठे मालकीने राहिली होती? ती बिऱ्हाडच होती. १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंना स्वतःचंच घर सोडावं लागलं. गोविंदरावांवर दबाव आला आणि मुलाला नि सुनेला बाहेर पडावं लागलं, तेव्हा गंज पेठेत उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. १८५१च्या जुलैत मुलींची शाळा भरली ती पुन्हा बुधवार पेठेतच, पण आता चिपळूणकरांच्या वाड्यात. एका दिंडीतून दुसऱ्या दिंडीत. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विश्रामबाग वाड्यात सरकारने मेजर कँडींच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार केला. त्या वाड्याची गोष्ट तर आणखी वेगळी. दुसऱ्या बाजीरावाने हौसेने बांधलेलं घर, बाजीराव गेला बिठूरला आणि त्याच्या मागे तिथे १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा भरली. मग १८७९ची आग, मग नगरपालिका, मग टपाल कचेरी. माझ्या लहानपणी आम्ही विश्रामबागेत जायचो ते आंतर्देशीय पत्रं आणायला. सुरूच्या झाडासारखे कोरलेले ते लाकडी खांब आणि त्यांच्या आडोशाला खळीचा वास. बाजीराव तिथे दहा वर्षं राहिला. टपाल त्याच्याहून कितीतरी जास्त.

पुण्यातल्या वाड्यांकडे असं बघायला लागलं की सगळं शहर बिऱ्हाडकरूंचं वाटायला लागतं. टिळकांनी १९०५ मध्ये गायकवाड वाडा विकत घेतला, पण त्याआधी ते सदाशिव पेठेत विंचूरकर वाड्यात राहात. विवेकानंद १८९२ मध्ये त्यांच्याकडे पाहुणे आले ते तिथेच. आज त्या वाड्यासमोरून जाताना कुणी विंचूरकरांच्या सरदारकीची आठवण काढत नाही, लोक भाड्याने राहिलेल्या माणसाची काढतात. अप्पा बळवंत चौकात उलटं झालं. मेहेंदळ्यांचा वाडा गेला, नाव राहिलं, आणि त्या नावाखाली आज जूनमध्ये पोरं गाईडं आणि वापरलेली पुस्तकं घ्यायला गर्दी करतात.

आमच्या वाड्यात आम्ही आलो ते पानशेतनंतर. १२ जुलै १९६१. आधी पानशेत फुटलं, मग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. ती तारीख आमच्या आळीत वाढदिवसासारखी सगळ्यांना पाठ होती. आमच्या खोल्या वरच्या, तरीही भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीवर एक रेघ होती, चहाच्या डागाच्या रंगाची. किती वेळा पांढरा रंग दिला तरी पावसाळ्यात ती परत उमटायची. आईने तिथे ट्रंका रचल्या होत्या. आमच्या आधी तिथे एक कुटुंब राहायचं. पुरात त्यांचं सगळं गेलं, होतं ते चिखलात मिसळलं, आणि ते पूरग्रस्तांच्या वसाहतीत गोखलेनगरला गेले. शहराबाहेर, माळावर. खोल्या रिकाम्या झाल्या म्हणून नुकतं लग्न झालेल्या माझ्या आईबाबांना पेठेत जागा मिळाली. दुसऱ्याच्या संकटातून आम्हाला घर मिळालं, असं आई कधीतरी सांजवात लावताना म्हणायची आणि मग बराच वेळ गप्प असायची. त्या घरातली बाई वर्षभराने एकदा आली होती. दारातच उभी राहिली. चहा घेतला. भिंतीतल्या पितळी खुंट्यांकडे बघत होती. आईने विचारलं, "तुमच्या का?" तर नको नको म्हणाली. आई शेजारून पकड घेऊन आली, तोवर ती निघून गेलेली.

जिन्याखालच्या खोलीत आजी राहायच्या. आम्ही त्यांना जिन्याखालच्या आजीच म्हणायचो. नाव विचारायचं कधी सुचलंच नाही. विधवेचं लाल आलवण सोडून त्या पांढऱ्या लुगड्यात आल्या होत्या एवढाच त्यांच्या आयुष्यातला बदल. पापड लाटायच्या, कुर्डया घालायच्या, कुणाकडे बाळंतपण असलं की डिंकाचे लाडू वळायला जायच्या. खोली एवढी लहान की पाय पसरून झोपलं तर दाराला लागत. भाड्याची पावती मात्र त्यांच्या दिराच्या नावाने, जो त्या खोलीत एक रात्रही राहिलेला नव्हता. त्यांना पत्रं यायची, कोकणातून, भाच्याची. मी हुजूरपागेतून घरी आले की त्या मला खाली बोलावून पत्र वाचायला लावायच्या. पत्र वाचून झालं की पुन्हा एकदा वाच म्हणायच्या, आणि दुसऱ्यांदा वाचताना डोळे मिटून ऐकायच्या. त्यांचा हात पापडाच्या पिठाने माखलेला असायचा, हिंगाचा आणि पापडखाराचा वास यायचा. एकदा मी म्हटलं, मी शिकवते तुम्हाला, पाटी आणते. त्या हसल्या. म्हणाल्या, "आता कशाला ग, तू आहेस ना."

मी आहे ना. मी पागेत शिकत होते. १८८४ला सुरू झालेली ती मुलींची शाळा आज जिथे आहे, तिथे पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा होती. घोडे बांधायच्या जागेवर आम्ही परकर-पोलक्यांतून, मग गणवेशातून, कवायती केल्या आणि पाढे म्हटले. आमचा वाडा, पागा आणि भिडे वाडा यांच्यामध्ये चालत जायला काही मिनिटं लागतात. १८४८पासून माझ्या शाळेच्या दिवसांपर्यंत सव्वाशे वर्षं गेली होती, आणि तरी त्या एवढ्याशा अंतरात एक बाई उभा जन्म एकही अक्षर न वाचता जिन्याखाली राहून गेली. सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. आजींचा जन्म त्याच्या थोडा पुढे-मागे झालेला असणार. ही गोष्ट मला भिडे वाड्याच्या ढिगाऱ्याहून जास्त टोचते. शाळा शेजारच्या पेठेत निघाली म्हणून शेजारच्या जिन्याखालपर्यंत पोहोचते असं नाही.

आमचा वाडा विकसकाकडे गेला तेव्हा कागदपत्रांसाठी मी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा आणला होता. जाड पिवळट कागदाची छायाप्रत, वेगवेगळ्या हस्ताक्षरांतल्या नोंदी. सत्ताप्रकार, क्षेत्रफळ, धारकाचं नाव. मग एक मयत, त्याचे वारस दाखल. पुन्हा एक मयत. मधे कुठेतरी गहाणखताचा बोजा, तो कमी केल्याची नोंद. वाटणीपत्र. खरेदीखत. शाई बदलत गेली, वळण बदलत गेलं, आडनाव बरीच वर्षं तेच राहिलं. मी तो कागद दोन्ही बाजूंनी वाचला. पानशेत नव्हतं. पितळी खुंट्यांची बाई नव्हती. जिन्याखालच्या आजी असण्याचा तर प्रश्नच नव्हता. तो कागद खोटं काही सांगत नाही. तो मालकी सांगतो, राहणं सांगत नाही. राहणं सापडतं ते महापालिकेच्या कर आकारणीच्या वहीत भोगवटादाराच्या रकान्यात, मतदार यादीत, रेशनकार्डावर, आणि बाबांच्या डब्यातल्या नाकारलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्यांवर. तिथेही बायका क्वचित.

म्हणून भिडे वाड्याच्या जागी जे स्मारक उभं राहील त्याकडून माझी एक मोठी अपेक्षा आहे. पुतळा असावा, दगडी कमान असावी, ते होईलच. पण एका भिंतीवर त्या जागेवर राहिलेल्या आणि राबलेल्या सगळ्या माणसांची नावं असावीत, सापडतील तेवढी. त्या सहा मुली पहिल्या. तात्यासाहेब भिडे. मग पुढच्या पावणेदोनशे वर्षांत तिथे संसार केलेले, दुकानं चालवलेले, पहाटे फळ्या उघडून उदबत्ती लावणारे, आणि शेवटी कोर्टात हरून सामान बांधून गेलेलेसुद्धा. त्यांना हरवणं गरजेचं होतं. त्यांना पुसून टाकणं गरजेचं नाही. त्यांच्यातल्या काहींच्या मुली शिकून डॉक्टर झाल्या असतील, कुठे परदेशात असतील, आणि आपल्या वडिलांचा गल्ला नेमका कुठल्या जागेवर होता हे त्यांना पोटाशी धरून ठेवावंसं वाटत असेल. मला तर आमच्या मोरीची जागासुद्धा डोळे मिटून दाखवता येते, आता तिथे गाड्या लावतात तरी.

त्या गृहस्थांना त्या दिवशी हे सगळं सांगावं असं वाटलं नाही आणि ते बरंच झालं, कारण तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं होतं ते एवढंच की मला राग आला आहे. राग आता उतरला आहे. आई ब्याऐंशीची झाली, तिला दुपारी झोप लागत नाही, म्हणून आम्ही दोघी एक दोनशेपानी वही घेऊन बसतो. पहिल्या पानावर वाड्याचा नकाशा काढला आहे, आईने सांगायचं आणि मी काढायचं. देवडीच्या उजवीकडे शिंपीमामा, त्यांच्या मशीनचा आवाज. चौकाच्या पलीकडे दोन भाऊ, एकमेकांशी न बोलणारे, एकाच नळाखाली एकापाठोपाठ बादली लावणारे. वर माडीवर शिकायला आलेली मुलं, वारावर जेवणारी, त्यांतला एक पुढे मोठा इंजिनियर झाला आणि आईला एकदा साडी घेऊन आला. नावं आठवत नाहीत तिथे आई सवयी सांगते, त्याही मी लिहून घेते. जिन्याखालच्या आजींच्या चौकोनापाशी आम्ही अडलो. त्यांच्या दिराचा नातू धायरीला असतो असं कळलं आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, घरी जुनी पत्रिका आहे, शोधतो.

आमच्या स्वतःच्या खोल्यांच्या चौकोनात मी आमची नावं लिहायला लागले तर आईने हात धरला. म्हणाली, आधी त्यांची लिही, आपण नंतर. गोखलेनगरला ते कुठल्या ओळीत राहायला गेले हे तिला अंधुक आठवतं, मारुतीच्या देवळाच्या अलीकडे. त्या बाई आता नसतील, मुलं असतील, साठीसत्तरीची. रविवारी आम्ही दोघी रिक्षाने जाणार आहोत. आईने प्रश्नसुद्धा काढून ठेवलेत. पुराच्या आदल्या रात्री घरात कोण कोण होतं, पाणी चढताना ते कुठल्या बाजूने बाहेर पडले, आणि त्यांची चूल आतल्या खोलीत कुठल्या भिंतीला होती, कारण आईने मांडली त्या भिंतीला धूर कधीच नीट बाहेर गेला नाही.